सायलेन्सरचा जाम नट आणि तुटलेला स्टड: आधी काय बळी द्यायचे ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. समुद्रकाठच्या गावात बरीच वर्षे वापरलेल्या लहान मोटारसायकलचा सायलेन्सर बदलायचा आहे. बेंड पाइपाची फ्लँज, म्हणजे टोकाची भोके असलेली चकती, इंजिनच्या हेडला दोन स्टडांनी (डोके नसलेल्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टांनी) धरलेली आहे. पाना घसरून एका नटाचे कोपरे गोल झाले आहेत. दुसरा नट फिरवताना स्टडच तुटला आणि त्याचे टोक आता फ्लँजच्या भोकात आत दिसते. हेड उतरवून लेथवाल्याकडे न्यावे लागेल असे गॅरेजमध्ये सांगितले गेले. त्याआधी काही करता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

करता येईल. मात्र पुढचा पाना लावण्यापूर्वी थांबून एक गोष्ट ठरवून घ्या. या जोडात तीन वस्तू आहेत: नट, स्टड आणि ॲल्युमिनियमचे हेड. नट किरकोळ किमतीचा असतो. स्टड त्याहून थोडा महाग, पण तोही कोणत्याही स्पेअरच्या दुकानात मिळतो. हेडमधले आटे मात्र एकदा गेले की ते दुरुस्त करण्याचा खर्च, वेळ आणि कौशल्य या दोन्हींच्या कितीतरी पुढे जाते. म्हणून अशा कामातली प्रत्येक कृती नुकसान स्वस्त वस्तूवर राहील अशीच निवडली पाहिजे. नट वाचवण्याच्या हट्टापायी स्टड तुटतो, आणि तुटलेला स्टड घाईने काढण्याच्या हट्टापायी हेड जाते. गॅरेजमध्ये येणारी बहुतेक बिघडलेली कामे या दोन हट्टांतूनच आलेली असतात.

जोड जाम कशामुळे होतो हे समजले तर उपायांचा क्रम आपोआप लागतो. नट आणि स्टड दोन्ही लोखंडाचे असतात. एक्झॉस्टची उष्णता आणि पावसाचे पाणी यांमुळे त्यांच्या आट्यांत गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापत असल्यामुळे आट्यांतील मोकळी फट पूर्ण भरून जाते. स्टड आणि हेड यांच्यातली गोष्ट वेगळी आहे. तिथे पोलाद ॲल्युमिनियममध्ये बसलेले असते. खारट ओलावा मध्ये शिरला की दोन भिन्न धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते, ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि पांढरी, चुन्यासारखी भुकटी आटे घट्ट धरून बसते. कोकणातल्या गाड्यांवर, आणि विशेषतः ज्यांतून मासळीच्या बर्फाचे खारे पाणी सतत ठिबकत असते अशा पिकअप गाड्यांच्या खालच्या अंगावर, हे दोन्ही प्रकार एकाच वेळी दिसतात. लोखंडावर लोखंड जाम झाले असेल तर तेल आणि उष्णता बहुधा पुरते. ॲल्युमिनियममधल्या स्टडला तेल फारसे पोहोचतच नाही, तिथे उष्णतेवरच भिस्त ठेवावी लागते.

तुमच्या गाडीत आधी गोल झालेल्या नटाकडे वळा, तुटलेल्या स्टडला तूर्त हात लावू नका. याचे कारण साधे आहे. तो नट निघाला की फ्लँज सुटेल, आणि फ्लँज सुटली की तुटलेल्या स्टडचा तिच्या भोकात दडलेला तुकडा उघडा पडेल. आज आत दिसणारे टोक तेव्हा हेडच्या पृष्ठभागापासून काही मिलिमीटर बाहेर आलेले असेल, आणि ते काही मिलिमीटर म्हणजे फार मोठे भांडवल आहे.

नटाभोवतीचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढा, म्हणजे आट्यांची सुरुवात दिसेल. त्यावर गंज सोडवणारे भेदक तेल मारा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा मारून नटाच्या टोकावर, स्टडच्या दिशेने, हलक्या हातोडीने पुष्कळ वेळा ठोका. जोर कमी, ठोके जास्त, असे हे काम आहे. कंपनाने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल आत शिरते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या बहुउपयोगी फवाऱ्यांपैकी काही मुळात ओलावा हटवण्यासाठी बनवलेले असतात. म्हणून डब्यावर भेदक तेल असे स्पष्ट लिहिलेले उत्पादन घ्या. जुन्या कारागिरांचे डिझेल आणि इंजिन ऑइलचे मिश्रणही अगदीच टाकाऊ नाही, फक्त त्याला वेळ जास्त द्यावा लागतो.

आता पान्याविषयी. बारा कोनी रिंग पाना किंवा गोटी (नटावर टोपीसारखा बसणारा सॉकेट) नटाला कोपऱ्यांजवळ धरते, सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर बसते. त्यामुळे गंजलेल्या नटावर बारा कोनी पाना लावणे म्हणजे कोपरे घालवण्याची सोय करून देणे होय. फिक्स पाना तर दोनच बाजूंना धरतो, तो अशा ठिकाणी मुळीच नको. कोपरे अर्धवट गेले असतील तर एक माप लहान सहा कोनी गोटी हातोडीने ठोकून बसवता येते. १० मि.मी.च्या नटावर ३/८ इंची गोटी घ्यावी, कारण तिचे माप सुमारे ९.५ मि.मी. आहे. १२ मि.मी.चा नट बराच झिजला असेल तर ११ मि.मी.ची गोटी ठोकून बसवता येते. १३ मि.मी.चा नट गंजून झिजला असेल तर १२.७ मि.मी. म्हणजे अर्धा इंची गोटी उपयोगी पडते. ठोकून बसवायची गोटी जुनी आणि जाड भिंतीची असावी, कारण ती चांगल्या अवस्थेत परत मिळेलच असे नाही.

गोटी बसली तरी लांब टॉमी (गोटी फिरवायचा दांडा) किंवा पाइप लावण्याचा मोह टाळा. लहान मोटारसायकलींत हे स्टड बहुधा ६ किंवा ८ मि.मी.चे असतात. ८.८ ग्रेडच्या (मजबुतीचा दर्जा) ६ मि.मी. स्टडला आवळण्यासाठी साधारण १० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचे, म्हणजे टॉर्कचे माप) पुरतात आणि त्याच्या दुपटीच्या आसपास तो तुटण्याच्या बेतात येतो. ३० सें.मी. लांब दांड्यावर तुम्ही केवळ १५ किलोचा जोर दिलात तरी तिथे सुमारे ४४ न्यूटन-मीटर पोहोचतात. म्हणजे स्टड तुटणार की नाही हा प्रश्नच राहत नाही, केव्हा एवढाच उरतो. त्यात वर्षानुवर्षे तापून-गंजून स्टडची जाडी कमी झालेली असते. म्हणून लहान रॅचेट घ्या. आधी नट किंचित आवळण्याच्या दिशेने हलवून पाहा आणि मग सोडा. हलला तर पाव फेरा सोडा, तेल मारा, परत थोडा आवळा, मग पुन्हा सोडा. सोडताना प्रतिकार हळूहळू कमी होत गेला तर काम ठीक चालले आहे. हाताला रबर पिळल्यासारखे लागले, म्हणजे पाना सरकतो पण आटे सरकत नाहीत असे जाणवले, तर स्टड पिळला जात आहे आणि तिथे लगेच थांबायचे असते. ही जाणीव पुस्तकातून येत नाही. भंगारातल्या एखाद्या जुन्या फ्लँजवर मुद्दाम दोन-चार स्टड तोडून पाहिले तर मात्र लवकर येते.

नट हलत नसेल तर उष्णता द्या, पण ती नटाला द्या, स्टडला नव्हे. बारीक ज्वाळेने नट चटकन तापवला की तो फुगतो आणि स्टड तुलनेने थंड राहतो. पुढे नट निवत असताना, रंग उतरल्यावर पण तो अजून पुरेसा गरम असताना, आट्यांच्या सुरुवातीला मेणबत्ती टेकवावी. मेण वितळून आट्यांत खेचले जाते आणि ते भेदक तेलाइतकेच, कधीकधी त्याहून सरस काम करते. ज्वाळा हेडवर रेंगाळू देऊ नका. लोखंड तापले की लाल होऊन इशारा देते, ॲल्युमिनियम तसा रंग दाखवत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळते आणि हेडचे मिश्रधातू त्याच्या आधीच मऊ पडू लागतात, त्यामुळे काही बिघडत आहे हे कळेपर्यंत बिघडून गेलेले असते.

इथे सुरक्षेविषयी चार वाक्ये लिहिणे भाग आहे. पेट्रोलची टाकी आणि नळी काढून दूर ठेवल्याशिवाय मोटारसायकलजवळ ज्वाळा पेटवू नये. भेदक तेल मारलेला भाग पुसून घ्यावा आणि वाळूची बादली किंवा अग्निशामक हाताशी ठेवावा. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग कधीही तापवू नये किंवा वेल्ड करू नये, कारण त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. डोळ्यांवर चष्मा हवाच, विशेषतः छिन्नी चालवताना.

छिन्नीचा उल्लेख अशासाठी की माझ्या मते तुमच्या गोल झालेल्या नटाला फोडणे हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. नट फोडण्याचे खास हत्यार मिळते. त्याची पाचर नटाच्या एका सपाट बाजूत शिरते आणि नट उकलतो. जागा अडचणीची असेल तर हॅकसॉच्या पात्याने किंवा लहान ग्राइंडरने स्टडला समांतर अशी उभी चीर पाडा. ती आट्यांना टेकण्याच्या किंचित आधी थांबवा आणि मग चिरेत छिन्नी ठोकून नट उघडा. नटाची पकड सुटली की उरलेला भाग हाताने फिरतो. आट्यांवर एखादा ओरखडा आला तर डाय (बाहेरचे आटे पाडायचे हत्यार) फिरवून तो साफ करता येतो, आणि नाही आला तरी मी असा स्टड नंतर बदलूनच टाकतो. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला म्हातारा स्टड ठेवण्यात काही अर्थ नसतो.

फ्लँज उतरली की खरे काम सुरू होते. तुटलेल्या स्टडचा चांगला लांब भाग बाहेर असता तर त्यावर दोन नट एकमेकांवर आवळून, खालच्या नटाला पाना लावून तो बाहेर काढता आला असता. काही मिलिमीटरच्या तुकड्यावर दोन नट मावत नाहीत. लॉकिंग प्लायर एकदा लावून पाहायला हरकत नाही, परंतु हेड गरम असतानाच. हॉट एअर गनने स्टडभोवतीचे हेड दीडशे अंशांच्या आसपास तापवा. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. ८ मि.मी.च्या स्टडभोवती एवढ्या तापमानात पडणारा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाच असला, तरी पांढऱ्या भुकटीची पकड सोडवायला तो अनेकदा पुरतो. प्लायरचे दात एकदा घसरले की दुसऱ्यांदा लावू नका. तुकडा गोल आणि गुळगुळीत करून ठेवलात तर पुढच्या उपायाचीही वाट अवघड होते.

पुढचा उपाय म्हणजे तुकड्यावर नट वेल्ड करणे, आणि हेड उतरवण्याआधी हा उपाय झालाच पाहिजे असे मी आग्रहाने सांगेन. स्टडच्या मापाचा किंवा एक माप मोठा, जस्ताचा मुलामा नसलेला साधा नट तुकड्यावर ठेवायचा आणि नटाच्या भोकातून आत वेल्ड भरत यायचे. मुलामा असेल तर जस्ताचा धूर अंगाला बाधतो आणि वेल्डही सच्छिद्र होते. पोलादाचे वेल्ड ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्यामुळे थोडे इकडेतिकडे सांडले तरी हेडला फारशी इजा होत नाही. तुकडा हेडच्या बरोबरीने तुटला असेल तर आधी वायसर ठेवून त्यावर टिपका वाढवत आणायचा आणि मग नट जोडायचा. या उपायाची खरी ताकद नटाच्या पकडीत नसून उष्णतेत आहे. स्टड आतून लालबुंद होतो, फुगतो, निवताना आकसतो आणि गंजाची पकड मोडतो. म्हणूनच वेल्ड झाल्याबरोबर पाना लावायचा नाही. लालपणा पूर्ण जाऊन नट हाताला सोसेल इतका निवू द्या, थोडे मेण किंवा तेल द्या आणि मग लहान पान्याने पुढेमागे हलवत काढा. वेल्ड तुटले तर पुन्हा करा. दोन-तीन वेळा तुटून पुढच्या खेपेला अलगद निघालेले स्टड प्रत्येक वेल्डरने पाहिलेले असतात, कारण दर खेपेची उष्णता आतल्या गंजावर काम करतच असते.

गाडीवरच वेल्डिंग करायचे असेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि अर्थिंगचा चिमटा शक्य तितका त्या स्टडच्या जवळ, हेडवरच लावा, म्हणजे करंट इंजिनच्या बेअरिंगांमधून जाणार नाही. १ एप्रिल २०२० नंतर आलेल्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत इंधनाचे इंजेक्शन सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक युनिट आणि एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. त्यांचे कनेक्टर आधी सोडवून ठेवा. इंजिन हाताने फिरवून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद आहे याची खात्री करा आणि पोर्टमध्ये ओले फडके कोंबा, कारण एक ठिणगी किंवा धातूचा एक कण सिलिंडरमध्ये गेला तर कामाचे स्वरूपच बदलते.

आता इझी-आउटविषयी, म्हणजे तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून त्यात ठोकायच्या, उलट्या आट्यांच्या निमुळत्या हत्याराविषयी. दुकानदार तुम्हाला तेच देईल, म्हणून आधीच सांगतो की मी ते गंजलेल्या ६ मि.मी.च्या स्टडवर वापरत नाही. तर्क असा आहे: जो स्टड पूर्ण जाडीचा असताना पिळून तुटला, त्याच्या पोटात भोक पाडून त्याहून बारीक आणि ठिसूळ हत्यार आत ठोकायचे आणि तेच बळ पुन्हा द्यायचे, यातून काय साधणार? शिवाय ठोकलेले इझी-आउट स्टडला आतून फुगवते आणि तो आणखी घट्ट बसतो. इझी-आउट आत तुटले की त्याच्या कठीण पोलादावर साधे एचएसएस (हाय स्पीड स्टीलचे) ड्रिल चालत नाही. कार्बाइडचे कटर लागते, नाहीतर हेड उतरवून स्पार्क इरोजन यंत्रावर (ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या) न्यावे लागते, जे पुण्याजवळच्या भोसरी, नाशिकच्या अंबड-सातपूर किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोलीसारख्या भागांत साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये मिळते. जो बोल्ट जाम नाही, केवळ डोके तुटल्यामुळे अडकला आहे, त्याच्यासाठी इझी-आउट उत्तम आहे.

वेल्डिंगने यश आले नाही तर ड्रिल. इथे सगळा खेळ मध्य साधण्याचा आहे. तुटलेले टोक कानसीने सपाट करा, मध्यावर पंच मारा आणि आधी ३ मि.मी.च्या आसपासचे बारीक ड्रिल चालवा. हातात धरलेले ड्रिल पोलादावरून घसरून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरते, ही नेहमीची दुर्घटना आहे. ती टाळण्यासाठी लेथवाल्याकडून एक छोटा बुश (आखूड नळी) करून घ्या, ज्याचा बाहेरचा व्यास फ्लँजच्या भोकात नीट बसेल आणि आतले छिद्र ड्रिलच्या मापाचे असेल. फ्लँज दुसऱ्या, शाबूत स्टडवर आवळली की ती स्वतःच ड्रिलला सरळ आणि मध्यावर धरणारा जिग बनते. जुना पण चांगला स्टड बदलण्याआधी त्याचा एवढा उपयोग करून घ्यावा. उलट्या फेऱ्याचे, म्हणजे डाव्या हाताचे ड्रिल मिळाले तर तेच वापरा, कारण ड्रिलची उष्णता आणि उलटी ओढ यांनी तुकडा अनेकदा आपणहून फिरून बाहेर येतो. तसे झाले नाही तर ६ मि.मी.च्या स्टडसाठी, ज्याचे आटे १ मि.मी. पिचचे (दोन आट्यांतले अंतर) असतात, ५ मि.मी.पर्यंत आणि १.२५ पिचच्या ८ मि.मी. स्टडसाठी ६.८ मि.मी.पर्यंत जावे. मध्य बरोबर साधला असेल तर स्टडचे फक्त आटे सुटलेल्या स्प्रिंगसारखे हेडमध्ये उरतात, ते टोकदार सुईने उचकटून काढता येतात आणि मग टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) फिरवून मूळ आटे साफ करता येतात. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अशा रीतीने आणि तेल घालूनच फिरवावा. टॅप तुटला तर तोही इझी-आउटइतकाच कठीण असतो.

मूळ आटे वाचले नाहीत तर दोन मार्ग चांगले आहेत. एक, हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस पोलादाच्या तारेची आट्यांची गुंडाळी. ८ मि.मी.च्या हेलिकॉइलसाठी भोक साधारण ८.३ ते ८.४ मि.मी. करून तिच्या खास टॅपने आटे पाडायचे. नीट बसवलेली हेलिकॉइल ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत असते. दुसरा, लेथवर केलेला पायरीचा स्टड, ज्याचे हेडमध्ये जाणारे टोक एक माप मोठे आणि बाहेरचे टोक मूळ मापाचे असते. भोक वेडेवाकडे झाले असेल तर मात्र ते आर्गॉन वेल्डिंगने भरून नव्याने पाडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि त्यासाठी हेड उतरवावेच लागेल. तुमच्या गॅरेजवाल्यांचे म्हणणे त्या अवस्थेत बरोबर ठरते, आजच्या अवस्थेत ते घाईचे आहे. एम-सील किंवा तत्सम लुकण भरून स्टड चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. एक्झॉस्टच्या तापमानात ते टिकत नाही.

जाता जाता दोन गोष्टी, कारण याच पद्धती लोक इतरत्रही वापरतात. मोटारीच्या चाकाचे स्टड बहुतेक गाड्यांत हबमध्ये मागून दाबून बसवलेले असतात. तिथे जाम नट स्टडसकट तोडून नवा स्टड बसवणे सोपे पडते, परंतु हवा भरलेला टायर रिमवर असताना नटाला ज्वाळा दाखवू नये, टायर फुटून माणूस दगावू शकतो. आणि कुठलाही नट सोडण्यापूर्वी त्याचे आटे उलटे नाहीत ना, याची खात्री करावी. यामाहाच्या मोटारसायकलींचा उजवा आरसा उलट्या आट्यांचा असतो, आणि जाम समजून आवळून तोडलेले असे आरसे मी पुष्कळ पाहिले आहेत.

नवे स्टड बसवताना आट्यांना निकेलयुक्त अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी) पेस्ट लावा. स्टड हाताने तळापर्यंत फिरवून हलकेच टेकवा, पान्याने कोंबू नका. नट पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले घ्या, कारण ते पोलादी स्टडवर तितके जाम होत नाहीत. गॅस्केट नवे घाला. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, म्हणजे फ्लँज तिरकी बसणार नाही. पेस्ट लावलेल्या आट्यांवर घर्षण कमी असल्यामुळे त्याच टॉर्कला ताण जास्त येतो, म्हणून कोरड्या आट्यांसाठी मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापेक्षा थोडे अलीकडेच थांबा. गाडी दोन-तीनदा चालवून झाल्यावर इंजिन पूर्ण थंड असताना नट पुन्हा तपासा, कारण नवे गॅस्केट दबून जोड किंचित सैल होतो. जोडाभोवती काळी काजळी दिसली तर धूर गळत आहे. तेव्हा नट अधिक आवळण्याऐवजी फ्लँज उतरवून गॅस्केट सरळ बसले आहे का ते पाहा.